घरच्या साइटचं फीड : इंदुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींना सध्या स्वतःची साइट काढायचा नाद लागलाय. कुणी माळव्यातले पदार्थ लिहितं, कुणी राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांचे फोटो टाकतं, एक काका नुसती सुभाषितं आणि त्यांचे अर्थ देतात. साइट उभी राहिली की आठवड्याभरात मला फोन येतो, "ते फीड म्हणतात ते काय असतं गं?" दर वेळी तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. टॅगांची, म्हणजे फाइलमध्ये कंसात लिहायच्या खुणांची, नावं आणि आकडे इथे देवनागरीत दिलेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमनच हवेत.

फीड म्हणजे नेमकं काय?

तुमच्या साइटवर ठेवलेली एक साधी मजकुराची फाइल. तीत सगळ्यात ताज्या दहा-वीस लेखांची नावं, पत्ते, तारखा आणि मजकूर ठरलेल्या साच्यात असतो. वाचणाऱ्याकडे रीडर नावाचं ॲप असतं. ते अधूनमधून येऊन ही फाइल बघून जातं आणि नवीन काही दिसलं तर मालकाला दाखवतं. सोसायटीच्या जिन्याखाली फळा असतो ना, तसंच. तुम्ही फळ्यावर लिहायचं, ज्याला हवं तो येता-जाता वाचेल. तुम्ही कुणाच्या दारात काही टाकत नाही, त्यामुळे कुणाचा फोन नंबर, ईमेल, काही जपून ठेवायची जबाबदारीही तुमच्यावर येत नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकतेच की. मग हे कशाला?

टाका, मीही टाकते. पण सकाळी साडेसातला टाकलेली लिंक आठ वाजेपर्यंत सुप्रभाताच्या फुलांखाली आणि पोहे-जिलेबीच्या फोटोंखाली गाडली जाते. ज्याला वाचायचंय त्यालाही ती सापडत नाही आणि ज्याला वाचायचं नाही त्याच्या माथी ती मारली जाते. फीडमध्ये लेख वाचणाऱ्याच्या यादीत न वाचलेला म्हणून पडून राहतो, चार दिवसांनी उघडला तरी तिथेच असतो. मध्ये कुठली कंपनी बसून कुणाला काय दाखवायचं ते ठरवत नाही.

पण हे जुनं झालं ना? गूगलने बंद केलं म्हणे.

गूगलने बंद केला तो त्यांचा रीडर, १ जुलै २०१३ला. फीड बंद करणं कुणाच्या हातात नाही, कारण ती तुमच्या साइटवरची फाइल आहे. जुनं मात्र खरंच आहे. नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीने आरएसएसची, म्हणजे फीड लिहायच्या एका ठरलेल्या साच्याची, पहिली आवृत्ती मार्च १९९९मध्ये काढली, आज सगळीकडे चालते ती २.० आवृत्ती २००२ची. सायकलही जुनीच आहे.

माझ्या साइटला फीड आधीच असेल का?

बहुतेक असेलच, तुम्हाला माहीत नसेल इतकंच. वर्डप्रेस असेल तर साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन 'फीड' लिहा. ब्लॉगरवर 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डीफॉल्ट' हे तीन शब्द स्लॅश देऊन लिहायचे. सबस्टॅकलाही 'फीड'च. ह्यूगो वापरत असाल तर 'इंडेक्स डॉट एक्सएमएल' आपोआप तयार होते, जेकिलला त्याचं फीडचं प्लगइन लावलं की 'फीड डॉट एक्सएमएल'. ब्राउझरमध्ये उघडल्यावर कंसांनी भरलेला गिचमिड मजकूर दिसला तर घाबरू नका, बरोबर ठिकाणी आलात. फायरफॉक्स पूर्वी ते नीट मांडून दाखवायचा, डिसेंबर २०१८च्या ६४व्या आवृत्तीपासून त्याने ते काढून टाकलं. म्हणून साइटवर फीडच्या दुव्याशेजारी एक ओळ लिहावी : "हा पत्ता कॉपी करून तुमच्या रीडरमध्ये टाका." नाहीतर लोकांना वाटतं साइट बिघडली.

नसेल तर बनवायचं कसं?

पानं हाताने लिहीत असाल तर फीडही हाताने लिहिता येतं, काही अवघड नाही. आरएसएसमध्ये वरच्या 'चॅनल' टॅगात तीन गोष्टी सक्तीच्या असतात : साइटचं नाव, पत्ता आणि वर्णन. मग प्रत्येक लेखाचा एक 'आयटम', त्यात शीर्षक, लिंक, 'जीयूआयडी' म्हणजे लेखाची कायमची ओळख, 'पबडेट' म्हणजे तारीख आणि मजकूर. महिन्याला दोन लेख लिहिणाऱ्याने वरचा आयटम कॉपी करून बदलला तरी भागतं. त्याहून जास्त लिहीत असाल तर मात्र सॉफ्टवेअरवर सोपवा, कारण हाताने लिहिताना माणूस तारीख बदलायला विसरतोच.

फाइल तयार झाली की प्रत्येक पानाच्या 'हेड' भागात एक 'लिंक' टॅग टाका. त्यात नातं 'ऑल्टरनेट', प्रकार 'ॲप्लिकेशन स्लॅश आरएसएस अधिक एक्सएमएल' आणि फीडचा पत्ता द्या. म्हणजे वाचणाऱ्याने रीडरमध्ये नुसता साइटचा पत्ता टाकला तरी फीड सापडतं. ही एक ओळ बरेच लोक विसरतात आणि मग "माझं फीड कुणालाच सापडत नाही" म्हणतात.

आरएसएस, ॲटम, जेसन फीड. यातलं कुठलं घ्यावं?

हे तिन्ही फीड लिहायचे वेगवेगळे साचे. आवाजाची फाइल द्यायची असेल तर आरएसएस, कारण पॉडकास्टचं सगळं जग त्यावरच चालतं. जेसन फीड २०१७चं, कोड लिहिणाऱ्यांना सोयीचं, बाकीच्यांना त्याने काही फरक पडत नाही. नुसतं मराठी लिहिणार असाल तर मी ॲटम सुचवते. ॲटमचं प्रमाण डिसेंबर २००५मध्ये ठरलं आणि त्यात तारीख नुसत्या आकड्यांत असते. आपल्याला याचा इतका फायदा का होतो ते पुढच्या उत्तरात सांगते. तयार साइटवर आरएसएस आधीपासून नीट चालत असेल तर उगीच हात लावू नका, रीडरांना दोन्ही सारखंच कळतं.

माझ्या लेखांच्या तारखा चुकतात. सगळे लेख आजचेच दिसतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि इंग्रजी मदतपानांवर त्याचं उत्तर सहसा नसतं, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो पडतच नाही.

आरएसएसच्या तारखेत वाराचं आणि महिन्याचं इंग्रजी तीन अक्षरी छोटं नाव लागतं. आपण काय करतो, साइटची भाषा मराठी ठेवतो. मग सॉफ्टवेअर ज्या नमुन्यावरून फीड बनवतं तो स्वतः लिहिलेला किंवा कुणाकडून उतरवून घेतलेला साचा इमानेइतबारे तारीखही मराठीत करतो आणि फाइलमध्ये "बुध, १८ सप्टें २०२४" असं जातं. आपल्याला छान वाटतं. रीडरला मात्र त्यातलं काहीही कळत नाही, तो बिचारा लेख ज्या क्षणी दिसला तीच वेळ लावून टाकतो. ॲटममध्ये वर्ष, महिना, दिवस असे आकडे ओळीने येतात, महिन्याच्या नावाची भानगडच नाही. आकडे मात्र तिथेही रोमनच हवेत, देवनागरी चालत नाहीत. साच्यात तारखेपुरती भाषा इंग्रजी करून घ्या आणि पानावर दिसणारी तारीख हवी तेवढी मराठी ठेवा.

दुसरी चूक साडेपाच तासांची. २०२४च्या अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या बघून घरी आले आणि रात्री १:१०ला तिथल्या तिथे लिहून टाकलं. माझ्या साच्याने वेळ आपली लिहिली, पण पुढे आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याची '+०५३०' ही खूण हवी होती, तिथे चार शून्यं. म्हणजे जगाच्या दृष्टीने तो लेख आपल्या सकाळी ६:४०चा, अजून जन्माला न आलेला. काही रीडर असा भविष्यातला लेख दडवून ठेवतात, काही तो सगळ्यात वर चिकटवून ठेवतात. आत्याचा फोन आला : "रात्रभर जागून पहाटे परत लिहायला बसलीस का गं?" आत्या वडोदऱ्याला असते आणि माझ्या साइटची सगळ्यात कडक तपासनीस तीच आहे.

काल चालत होतं, आज फीड एकदम बंद. काही केलं नाही मी.

केलंय. शेवटच्या लेखात बघा.

वेबपानात एखादा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो. आरएसएस आणि ॲटम फीड एक्सएमएल नावाच्या टॅगांच्या कडक भाषेत असतं आणि तिथे एका चुकीला माफी नाही, अख्खी फाइल नाकारली जाते. नेहमीचे गुन्हेगार असे. शीर्षकात उघडं ठेवलेलं 'आणि'चं चिन्ह. आमच्या पदार्थवाल्या मावशींनी "पोहे & जिलेबी" असं शीर्षक दिलं आणि पंधरा दिवस त्यांचं फीड बंद होतं. ते चिन्ह एक्सएमएलमध्ये त्याच्या लांब रूपात लिहावं लागतं, किंवा सरळ 'आणि' लिहावं, आपल्याकडे शब्द आहे की! दुसरा गुन्हेगार म्हणजे फाइलच्या पहिल्या ओळीच्या वर राहिलेली रिकामी ओळ. एक्सएमएलची घोषणा अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू झाली पाहिजे, आधी एक स्पेससुद्धा चालत नाही.

तिसरा गुन्हेगार दिसतच नाही. वर्डमधून मजकूर चिकटवला की कधी कधी त्याबरोबर ओळ तोडणारं एक नियंत्रक अक्षर येतं, जे एक्सएमएलमध्ये निषिद्ध आहे. मी यावर शहाणपणा म्हणून लेखातली सगळीच अदृश्य अक्षरं गाळून टाकणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. फीड झकास चालू झालं. पण मराठीतला डोळ्यावरच्या पापणीसारखा 'र' बऱ्याच कीबोर्डांवर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक असा टाइप होतो. माझ्या प्रोग्रामने तो जोडकही गाळला. पाताळपाणीच्या धबधब्यावरच्या लेखात जिथे जिथे 'दऱ्या' होत्या तिथे 'दर्या' झाला. माळव्यात समुद्र आणायचा मान माझा. गाळायचीच असतील तर फक्त एक्सएमएलला न चालणारी अक्षरं गाळा आणि लिहिताना शक्यतो नुक्ता असलेला ऱ वापरा, त्याला हा धोका नाही.

संशय आला तर वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची फीड तपासणी सेवा आहे. पत्ता दिला की कुठल्या ओळीत काय चुकलं ते सांगते. फुकट आहे.

साइटवर मराठी दिसतं, फीडमध्ये नुसती रोमन अक्षरं दिसतात.

मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टाइप केलेला आहे. इकडे मध्य प्रदेशात टायपिंग करून देणाऱ्या दुकानांत हिंदीच्या सवयीने कृतिदेव अजून हाताशी असतो. त्या फाइलीत देवनागरी नसतेच मुळी. 'कमल' हा शब्द तिथे डी, ई, वाय अशी तीन रोमन अक्षरं असतो, फक्त फाँट त्यांना क, म, ल असे कपडे घालतो. रीडर तुमचा फाँट नेत नाही, त्यामुळे कपडे गळून पडतात. फीडमध्ये याला उपाय नाही, मजकूरच युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात त्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. बदलणारी साधनं मिळतात, पण नंतर एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा चुकतात.

लेखाचा पत्ता मराठीत ठेवू का?

ठेवता येतो, मी ठेवत नाही. 'इंदूर' हा शब्द घ्या. इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र अशी संगणकाच्या हिशेबाने पाच चिन्हं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट (साठवणीचं छोटं माप) घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे पाच गुणिले तीन गुणिले तीन, एका 'इंदूर'साठी पंचेचाळीस अक्षरं. सहा शब्दांचं शीर्षक कुणाला पाठवून बघा, समोरचा विचारतो व्हायरस आहे का. त्यातून काही साधनं तोच पत्ता मूळ रूपात देतात, काही टक्केवारीच्या रूपात, आणि रीडरला ते दोन वेगळे लेख वाटू शकतात. पत्ता रोमन आणि छोटा, शीर्षक मनसोक्त मराठी.

पूर्ण लेख द्यावा की चार ओळी?

पूर्ण. चार ओळी देऊन "पुढे वाचा" म्हणणं म्हणजे जेवायला बोलावून ताट दारातच दाखवण्यासारखं आहे. लोक चोरतात म्हणून काही जण सारांश देतात, पण चोरणारा साइटवरूनही चोरतो. वर्डप्रेसमध्ये वाचनाच्या सेटिंगमध्ये पूर्ण मजकूर की सारांश ते निवडता येतं.

सारांश द्यायचाच असेल तर तो स्वतः लिहा, यंत्राला कापू देऊ नका. बाइट मोजून कापलं की देवनागरीचं तीन बाइटांचं अक्षर मधोमध चिरलं जातं आणि तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन उगवतो. अक्षरं मोजून कापलं तरी जोडाक्षर फुटतं, 'शिक्षण'चं 'शिक्' होऊन बसतं. आणि हो, पूर्ण लेखातल्या फोटोंचे पत्ते साइटच्या नावासकट पुरे द्या. अर्धे पत्ते साइटवर चालतात, रीडरमध्ये बहुधा फोटोच्या जागी मोकळी चौकट येते.

साइट नव्या सॉफ्टवेअरवर नेली आणि सगळ्यांना जुने लेख नवे म्हणून गेले!

माझंही झालंय. एका रात्रीत दीडशेच्या आसपास. आत्या : "एवढं सगळं कधी लिहिलंस?"

रीडर लेख ओळखतो तो आरएसएसमधल्या 'जीयूआयडी'वरून किंवा ॲटममधल्या 'आयडी'वरून. शीर्षक बदला, मजकूर बदला, त्याला चालतं. ओळख बदलली की तो लेख त्याच्यासाठी नवा. बहुतेक सॉफ्टवेअर लेखाचा पत्ताच ओळख म्हणून वापरतात. त्यामुळे साइटला सुरक्षित जोडणी घेतली, पत्त्याच्या सुरुवातीला एक 'एस' वाढला, एवढ्यानेही सगळं पुन्हा नवं होतं. स्थलांतर करताना जुन्या लेखांच्या ओळखी जशाच्या तशा उचलून न्या, त्यात आता न चालणारा पत्ता असला तरी. आरएसएसमध्ये अशा वेळी ओळख म्हणजे पत्ता नव्हे असं सांगणारी खूणही करावी लागते, कारण न सांगता तो तिला पत्ताच समजतो. आणि फीडची फाइल हलवलीत तर जुन्या जागेवरून ३०१ क्रमांकाचं कायमचं वळण द्या.

मी मराठीत लिहिते आणि हिंदीतही. एकच फीड ठेवू?

इंदुरात हा प्रश्न यायचाच. दोन ठेवा. पुण्याच्या नातेवाइकांना मराठी हवं असतं, ऑफिसातल्या लोकांना हिंदी, आणि दोन्ही वाचणारे दोन्ही घेतील. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक वर्गवारीला वेगळं फीड असतंच, ह्यूगोमध्येही. प्रत्येकात भाषेचा कोड नीट द्या, मराठीला 'एमआर', हिंदीला 'एचआय'. लिपी एकच असल्यामुळे रीडरला नुसतं बघून भाषा कळत नाही. मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप मग मराठीचे च आणि ज हिंदी पद्धतीने उच्चारतं. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात आणि चांगले फाँट भाषेचा कोड बघूनच ते बदलतात. सगळे रीडर हा कोड मानतात असं नाही, पण आपल्या बाजूने तो दिलेला असावा.

किती लेख ठेवावेत?

वीस पुरेत. हजार शब्दांचा मराठी लेख साधारण १५ ते २० किलोबाइट भरतो, वीसचे झाले साडेतीनशे. एखादा रीडर दर तासाला ती फाइल उचलत असेल तर एकट्यासाठी दिवसाला आठ एमबीच्या वर जातात. सर्व्हर फाइल आवळून पाठवतोय आणि काही बदललं नसेल तर नुसतं '३०४, काही नवीन नाही' म्हणतोय ना, एवढं होस्टिंगवाल्याला विचारून घ्या.

किती जण वाचतात ते कळतं का?

नीट नाही. फीडलीसारख्या सेवा फाइल घ्यायला येताना "आमच्याकडे तुमचे इतके वाचक" असं सर्व्हरच्या नोंदवहीत लिहून जातात, बाकीचा अंदाज. मी बघणं सोडलं.

नको ते प्रसिद्ध झालं, लगेच पुसलं. मिटलं ना?

साइटवरून मिटलं. ज्या रीडरने तेवढ्यात फाइल उचलली त्याच्याकडे ते राहिलं. पेपर छापून गाडीत चढल्यावर संपादक काही करू शकत नाही. मजकूर दुरुस्त केला तर मात्र बरेच रीडर नवा मजकूर घेतात. दुसरं म्हणजे, मेनूत न दाखवलेली पानं फीडमध्ये उगवतात का ते एकदा तपासा. घरच्यांसाठी ठेवलेला पत्रिकेचा फोटो असा बाहेर गेलेला मी पाहिलाय.

आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्यात. त्या देता येतील?

अगदी. आरएसएसच्या आयटममध्ये 'एन्क्लोजर' नावाचा टॅग घाला, त्यात फाइलचा पत्ता, बाइटांतला आकार आणि प्रकार. पॉडकास्ट म्हणतात ते मुळात एवढंच. आकार खरा द्या, शून्य लिहून वेळ मारून नेऊ नका, काही ॲप त्यावर अडून बसतात. आणि आजीला आधी विचारा.

रीडर कुठला घेऊ? आईच्या फोनवर लावून द्यायचाय.

अँड्रॉइडवर 'फीडर' नावाचं ॲप आहे, फुकट, खातं काढावं लागत नाही. आयफोनवर नेटन्यूजवायर, तोही फुकट. संगणकावर थंडरबर्ड मेल वापरत असाल तर त्यातच फीड वाचता येतं. फोन आणि संगणक दोन्हीकडे एकच यादी हवी असेल तर फीडली किंवा इनोरीडर, तिथे खातं लागतं.

आईसाठी लावताना ॲप रिकामं देऊ नका. आधी दहा-बारा साइट भरून द्या. आमच्या मंडळींची यादी मी ओपीएमएल नावाच्या एकाच फाइलीत ठेवलीय. बहुतेक रीडर ती आयात करतात, एका दमात सगळ्या साइट आत. मग अक्षर दोन पायऱ्या मोठं करा, सूचना बंद करा, आणि ॲपचं चिन्ह पहिल्या पडद्यावर व्हॉट्सॲपच्या शेजारी आणून ठेवा. माझ्या आईचं मी ते दुसऱ्या पडद्यावर ठेवलं होतं. महिनाभर तिला वाटत होतं की कुणी काही लिहीतच नाहीये.